गाडी चमकवण्याच्या शिबिराला जाताना घरचे बाटलीभर पाणी न्या



मोहोळ तालुक्यातल्या एका भगिनीचे दोन पानी पत्र माझ्यासमोर आहे. पहिले दीड पान डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल आहे, त्याचे उत्तर मी त्यांना वेगळे कळवले. शेवटचे अर्धे पान मुलाबद्दल आहे. मुलगा बारावी झाला. कामचुकार नाही, पण चार एकर कोरडवाहूत तिघा भावांचे भागायचे कसे? घर मोहोळ-पंढरपूर रस्त्याला लागून आहे, तिथे मोटारी धुण्याचा धंदा काढावा असे त्याच्या मनात आहे. पुण्यात ‘कार डिटेलिंग’चे तीन दिवसांचे सेमिनार असते, फी पंचवीस हजार, असे त्याने मोबाइलवर पाहिले. पत्राची शेवटची ओळ अशी : “घरात दुभती म्हैस आहे, विकावी का?”

या एका ओळीमुळे आजचा लेख लिहायला घेतला. म्हशीचे उत्तर देईन, पण आधी थोडे ऐकून घ्या.

तुम्ही म्हणाल, खताच्या मात्रा सांगणारा हा माणूस मोटारीच्या रंगात कुठे शिरला? खरे आहे, मोटारीतला मी तज्ज्ञ नाही. पण शिबिरे, मेळावे, प्रशिक्षणे यांत माझी अठ्ठावीस वर्षे गेली. काही मी भरवली, काहींत बाकावर बसलो. शिबिराहून परतलेल्या माणसाच्या हातात काय उरते आणि काय वाटेतच सांडते, ते मी पाहिले आहे. शिवाय हाच उद्योग माझ्या सख्ख्या भाच्याने केला आणि त्याच्या फीचे निम्मे पैसे मीच दिले होते. तेव्हा ठेच मलाही लागली आहे.

डिटेलिंग म्हणजे नुसते धुणे नव्हे. गाडी धुवायची, मग रंगात रुतलेली लोखंडी धूळ आणि डांबराचे ठिपके काढायचे, चिकणमातीसारख्या एका गोळ्याने पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, यंत्राने घासून ओरखडे घालवायचे आणि शेवटी वर मेणाचा किंवा सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक थर द्यायचा. आतल्या बाजूला गाद्या, छत, पायपुसणी, डॅशबोर्ड यांची सफाई वेगळी. काम कष्टाचे आहे आणि कसबाचेही आहे. चांगले करणाऱ्याला पैसा मिळतो, यात खोटे नाही.

आता भाच्याची गोष्ट. तो असाच तीन दिवस जाऊन आला. शिकवणारा माणूस कसबी होता, त्याला मी नाव ठेवत नाही. पण शिकणारे तीस आणि घासण्याची यंत्रे दोन. तीन दिवसांत भाच्याच्या हातात यंत्र आले ते जेमतेम दहा मिनिटे. बाकी वेळ पडद्यावर चित्रे, चहा आणि ग्रुप फोटो. तिसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर बाटल्या मांडल्या गेल्या आणि ‘आजच घेतले तर सवलत’ अशी घोषणा झाली. आपल्याकडे खताच्या मेळाव्यात टोपी, पिशवी आणि जेवण झाल्यावर होते ना, अगदी तसेच. पोराने उसने घेऊन पेटीभर सामान आणले. प्रमाणपत्राला काच बसवून ते देव्हाऱ्याशेजारी टांगले.

आठव्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांची काळी मोटार आली. भाच्याने गोल फिरणारे जोरकस यंत्र लावले आणि बॉनेटच्या कडेवर जरा जास्त वेळ धरले. गोंड्यावर काळा रंग उतरू लागला तरी त्याला उमगले नाही. पाहता पाहता दोन बोटे रुंदीचा राखाडी पट्टा उघडा पडला. बॉनेट पुन्हा रंगवून द्यावे लागले, खर्च मी दिला. डॉक्टर भला माणूस, चकार शब्द बोलले नाहीत. पण पुढचे तीन महिने दुसरी चांगली गाडी दारात आली नाही. गावात अशी बातमी पाण्याहून लवकर मुरते.

असे का झाले, ते समजून घ्या. मोटारीचा रंग एका थराचा नसतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे किती, हे शहरातल्या मुलाला समजावावे लागेल, तुम्हाला नाही. कलिंगडाच्या वाफ्यावर आपण जो मल्चिंग पेपर अंथरतो तो २५ किंवा ३० मायक्रॉनचा. म्हणजे दोन पदरी मल्चिंग पेपरहूनही पातळ थरावर यंत्र चालवायचे आहे! ओरखडा घालवणे म्हणजे तो बुजवणे नव्हे, भोवतालचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणे. प्रत्येक घासणीला थोडा थर कायमचा जातो. कडेला आणि उंचवट्यावर रंग मुळातच पातळ बसतो, शिवाय यंत्राचा सगळा दाब आणि उष्णता तिथे एका रेषेत येते. म्हणून कडांना आधी कागदी चिकटपट्टी लावतात. नवशिक्याने तर गोल फिरणाऱ्या यंत्राच्या वाटेलाच जाऊ नये. फिरता फिरता हेलकावे घेणारे दुसऱ्या जातीचे यंत्र मिळते, त्याने उष्णता कमी होते आणि चुकीला थोडी माफी असते. रंगाची जाडी मोजायचे मीटरही मिळते. हे सगळे त्या शिबिरात सांगितले होते म्हणे. सांगितले होते, भाच्याने वहीत उतरवलेही होते, पण हाताला कुठे ठाऊक होते?

आपल्या देशात पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले, ते ‘करून शिकणे’ याच तत्त्वावर. डाळिंबाची छाटणी फळ्यावर शिकता येत नाही, कात्री हातात धरावी लागते. तेव्हा शिबिराच्या चौकशीत पहिला प्रश्न फीचा विचारू नका. एका यंत्रामागे शिकणारे किती, हा विचारा. मी माझ्या हाताने एक पूर्ण गाडी करणार की नुसता उभा राहून पाहणार, हा दुसरा. शिबिर भरवणारा स्वतः बाटल्या विकतो का, हा तिसरा. विकत असेल तर त्यात पाप नाही, पण मग त्याचे बोलणे कोणत्या कानाने ऐकायचे ते आपल्याला कळते. आणि जमल्यास त्याच्याकडे वर्षभरापूर्वी शिकून गेलेल्या दोघांचे पत्ते मागा, त्यांच्या दुकानावर जाऊन अर्धा दिवस बसा. भाड्याच्या पैशात जे कळेल ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

फी भरण्यापूर्वी मुलाने महिनाभर तालुक्याच्या कुठल्याही सर्व्हिसिंग सेंटरवर गाड्या धुवाव्यात. पगार मिळो न मिळो. थंडीत पहाटे ओल्या पायांनी उभे राहून चार गाड्या धुतल्या की या धंद्यात आपले मन रमते का, ते आपोआप कळते. आणि दुसरा फायदा असा की तो शिबिराला प्रश्न घेऊन जातो. ज्याच्याकडे प्रश्न नाहीत त्याला कितीही चांगला गुरू भेटला तरी तो घागर पालथी ठेवून विहिरीवर गेल्यासारखाच.

आता पाण्याचे सांगतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म यातच आहे, आणि शहरातला शिकवणारा ते सहसा सांगत नाही, कारण त्याला तो त्रासच नसतो. डॉक्टरांच्या गाडीनंतर भाचा धास्तावला. पॉलिश बंद करून तो नुसता गाड्या धुऊ लागला. तरी तक्रार आलीच. गाडी वाळली की अंगभर पांढरे ठिपके. तो शाम्पूवाल्याला शिव्या देऊ लागला. मी मातीपरीक्षणाच्या कामातले खिशातले मीटर काढून त्याच्या बोअरच्या पाण्यात बुडवले, तर क्षारांचा आकडा १४०० वर गेला. शिबिरात वापरलेले पाणी शुद्धीकरण यंत्रातून आलेले होते. इथले पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियमने भरलेले. त्याच बोअरवर ठिबक चालते आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, तो त्याने हजारदा पाहिला होता. पण ड्रिपरवरचा क्षार आणि मोटारीवरचा ठिपका एकच, हे त्याच्या ध्यानात आले नाही. आपले शेतीतले ज्ञान आपण गोठ्यात टांगून शहरात जातो, तिथे त्याला किंमत नाही असे समजून.

बरे, हे समजल्यावर पोरगा म्हणतो कसा, “मामा, मग ठिबकात सोडतो तेच ॲसिड फडक्याने लावू का?” मी कपाळाला हात लावला. ठिबकाला चालणारे ते तीव्र आम्ल मोटारीच्या चकचकीत पट्ट्या, ॲल्युमिनियमची चाके खाऊन टाकील, आणि हाताची कातडी निराळीच. ठिपके काढायला सौम्य आम्लाची द्रावणे येतात. ती थोड्या जागेत लावून लगेच धुवायची असतात. पण ठिपके उन्हात भाजून रंगात रुतले की तीही फारशी चालत नाहीत. म्हणून ठिपका पडूच नये हे खरे. गाडी उन्हात धुऊ नये, बॉनेट तापलेले असेल तर आधी निवू द्यावे. एकेक बाजू धुऊन ओली असतानाच जाड मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्यावी. आणि शेवटचे पाणी तरी गोडे असावे.

गोडे पाणी आणायचे कुठून? यंत्र महाग आहे, आणि साध्या सॉफ्टनरने कॅल्शियम जाऊन सोडियम येते, क्षार काही शून्य होत नाहीत. मी भाच्याला पत्र्याच्या छपराकडे बोट दाखवले. छप्पर २० बाय ३० फुटांचे, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला तरी २८ हजार लिटर होते. वाया जाणारे सोडून निम्मे धरा, १४ हजार. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी सोडून द्यायचे, पुढचे गाळून झाकलेल्या टाकीत घ्यायचे. गाडीला शेवटच्या हाताला २० लिटर लागतात असे धरले तर ७०० गाड्या निघतात. भाच्याने जुन्या दोन टाक्या मिळवून हे केले. सगळे चौदा हजार काही साठत नाहीत, पण काळ्या आणि गडद गाड्यांपुरते पुरते. पांढऱ्या गाडीवर ठिपका फारसा दिसत नाही, तिला बोअरचे पाणी आणि चपळ फडके पुरे.

म्हणून सांगतो, शिबिराला जाताना घरच्या बोअरचे पाणी एका बाटलीत भरून न्या. पहिल्याच दिवशी ते शिकवणाऱ्यासमोर ठेवा आणि म्हणा, साहेब, याने गाडी धुऊन दाखवा. लाजू नका. फी आपण भरली आहे. रस्त्यावरच्या धुळीचे, ऊसाच्या ट्रॅक्टरच्या चिखलाचे, डांबराच्या ठिपक्यांचे मोबाइलवर फोटो न्या. शिबिरातली गाडी बहुधा आधीच स्वच्छ असते, आपल्या दारात येणारी नसते.

वहीत काय लिहावे, याचीही एक रीत आहे. बाटलीचे नाव लिहून उपयोग नाही. ती कंपनी उद्या मिळेल, न मिळेल. बाटलीची जात लिहा : आम्लधर्मी, अल्कधर्मी की उदासीन, आणि ती कोणत्या घाणीवर चालते. प्रमाण लिहा. फवारणीला पंपामागे किती औषध हे आपण अचूक पाळतो आणि इथे अंदाजाने ओततो, हे बरे नव्हे. एकास दहा म्हणजे एकास दहाच. किती वेळ ठेवायचे, कोणत्या कापडाने पुसायचे, यंत्राचा वेग किती, हे त्या त्या वेळी लिहा, रात्री आठवून नव्हे. आणि शिकवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून विचारा : तुमच्या हातून बिघडलेली गाडी कोणती, आणि मग काय केले? याचे सरळ उत्तर देणारा गुरू खरा. हातमोजे आणि तोंडाला फडके फवारणीच्या वेळी वापरतो तसेच इथेही वापरावे, कारण लोखंडी धूळ विरघळवणाऱ्या औषधाचा वास नुसता उग्रच नाही, बाधतोही. सामान मात्र त्या दुपारी विकत घेऊ नका. सवलत पुन्हा मिळते.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत हात चालला नाही तर शिकलेले निम्मे विरते. भंगारवाल्याकडून जुने बॉनेट घ्या. ते रंग जाईपर्यंत मुद्दाम घासा. किती वेळात, किती दाबाने रंग फाटतो ते एकदा डोळ्यांनी पाहिले की गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात आपोआप आवरतो. भाच्याने हे केले, पण डॉक्टरांच्या गाडीनंतर. आधी केले असते तर माझे पैसे वाचले असते! मग घरच्या, पाहुण्यांच्या गाड्या घ्या. घरच्या ट्रॅक्टरवर सराव करणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की काही ट्रॅक्टरांच्या रंगावर क्लिअर कोट नसतो. तिथे गोंड्याला रंग लागला म्हणजे बिघडलेच असे नाही, मोटारीवर मात्र ती धोक्याची घंटा.

शिबिरात ज्या दरांचे आकडे फळ्यावर लिहितात ते पुण्याचे असतात. आपल्या रस्त्यावर सिरॅमिक कोटिंग करवून घेणारे वर्षात मोजके. भाच्याच्या वहीत मिळकत दिसते ती दुसऱ्याच कामांची आहे. गाडी विकायच्या आधीची सफाई. लेकराने गाडीत उलटी केली, दुधाचा कॅन सांडला, पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास सुटला, अशी आतली सफाई. पंढरपूरला आलेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या. दसऱ्याच्या आदले दोन दिवस तर रात्री दिवा लावून काम चालते. दसऱ्यानंतर पुन्हा तीच गिऱ्हाइके येतात, कारण पूजेच्या हळदीचे, कुंकवाचे, नारळाच्या पाण्याचे ओघळ बॉनेटवर वाळलेले असतात. हळदीचा पिवळा डाग राहिला तरी उन्हाने हळूहळू उडतो, त्यासाठी रंग घासू नये. ही गोष्ट त्याला माझ्या बहिणीने सांगितली, तिने ती वाळत घातलेल्या लुगड्यांवरून ओळखली होती. पेटीतले कोटिंगचे सामान अजून निम्मे पडून आहे. आतली सफाई शिबिरात शेवटच्या दिवशी तासाभरात उरकली होती, आणि भाचा तेव्हा नेमका सामानाच्या टेबलाशी उभा होता.

गाडीच्या पोटाखाली डिझेलचा फवारा मारायची आपल्याकडे जुनी चाल आहे. गिऱ्हाईक मागते, पण त्याने रबरी बुश आणि नळ्या फुगून खराब होतात. ते करू नका. आणि धुतलेले पाणी ऊसाला सोडण्याचा मोह टाळा. त्यात तेल, ग्रीस, साबण असतो. आधी दोन कप्प्यांचा हौद बांधा. पहिल्यात वाळू-चिखल बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगते. ते वरचेवर काढून बंद डब्यात साठवा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ हा हौद अजिबात नको.

आता भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. ताई, दुभती म्हैस विकू नका. तिचे दूध रोज पैसे देते, शिबिराचे पैसे कधी येतील ते ठाऊक नाही. चिरंजीवांना आधी महिनाभर मोहोळच्या एखाद्या सेंटरवर धाडा. दरम्यान जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे ‘आरसेटी’ची चौकशी करा. तिथले शिकवणे, राहणे, जेवण मोफत असते. मोटार चमकवण्याचा विषय तिथे असेलच असे नाही, पण दुचाकी दुरुस्तीसारखे विषय असतात आणि मुख्य म्हणजे धंद्याचा हिशेब, बँकेचा प्रस्ताव हे शिकवतात. माझ्या भाच्याला यंत्रापेक्षा त्याचीच उणीव जास्त जाणवली. महिन्यानंतरही मुलाचा हुरूप टिकला, तर वर सांगितलेले प्रश्न विचारून, कमी माणसांचे आणि हातात यंत्र देणारे शिबिर निवडा. तोवर तो सेंटरवर जे कमवील ते फीसाठी बाजूला ठेवू द्या, उरलेल्याची तजवीज घरातून करा. त्याच्या कमाईचे पैसे त्यात असले की तो तिसऱ्या दिवशी दुपारी बाटल्यांच्या टेबलाशी उभा राहणार नाही.

आणि बोअरच्या पाण्याचा नमुना मला पाठवा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून, गच्च भरून, बूच लावून. तेल्याच्या फवारणीलाही तो आकडा उपयोगी पडेल.